शार्कचा दात की गारगोटी?

दगडांची भाषा : लेखांक ७

येरळेच्या किंवा अग्रणीच्या कोरड्या पात्रात काळपट, गुळगुळीत, तिकोनी खडा सापडतो. घरातलं शाळकरी पोर मोबाइलवर चित्रं लावून बघतं आणि जाहीर करतं, शार्कचा दात! दिसतोही तसाच. पण सातारा-सांगलीचा खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचे थर. त्यांवर पुढे समुद्र चढला नाही. शार्कने इथे दात टाकायचा तरी कसा?

बहुतेक वेळा ती गारगोटी असते. लाव्हातल्या पोकळीत तयार झालेली, ओढ्याने घासलेली. कधी मात्र ते दगड फोडून काढलेलं छोटं पातं निघतं. अश्मयुगातल्या माणसांची अशी सूक्ष्मास्त्रं दख्खनभर सापडतात, आणि मला विचाराल तर शार्कच्या दातापेक्षा ती भारी.

परीक्षा सोपी आहे. खड्याचं टोक रिकाम्या बाटलीच्या काचेवर जोर देऊन ओढा. गारगोटी ओरखडा काढते. दात काचेहून मऊ, तो काढत नाही. मग भिंग घ्या. शार्कच्या दाताला दोन भाग असतात : वरचं चकचकीत पातं आणि खाली मळकट, सच्छिद्र मूळ. पाण्यात लोळताना मूळ आधी झिजतं, करवती कडा बोथटतात. तरी पात्याची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, हे बरेचदा टिकतं. चकाकी जिथे संपते ती रेषही. रंगावर जाऊ नका. तो मातीतल्या खनिजांनी चढतो, त्यावरून वय कळत नाही.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा कुजून जातो. दात मात्र आयुष्यभर हजारोंनी गळतात, म्हणून जीवाश्मांत त्यांचीच रेलचेल. आपल्या देशात त्यासाठी कच्छला जावं, किंवा ओडिशात बारिपद्याला. तिथल्या मायोसीन काळातल्या सागरी गाळात महाकाय मेगालोडॉनचेही दात मिळाले आहेत. जैसलमेरच्या जुरासिक खडकांतून तर शार्कच्या कुळातली एक नवी जातच २०२१ मध्ये नोंदली गेली, स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस. तिचे दात टोकदार नाहीत, कवचं भरडायला बनलेले. म्हणजे तिकोनी नाही म्हणून दात नाही, असंही म्हणता येत नाही.

आपल्या भागात खरा जीवाश्म दात मिळालाच तर तो जमिनीवरच्या जनावराचा असेल, तोही लाव्हात नाही, नदीकाठच्या जुन्या गाळात. गोकाकजवळच्या अशाच गाळातून आलेल्या गेंड्याच्या अवशेषांचं वर्णन भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये छापलं. गुराढोरांच्या दाढेवर चघळायच्या बाजूला नागमोडी कडा दिसतात, झिजल्यावरही. तसं काही दरडीत रुतलेलं दिसलं तर उपसू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, थर कुठला ते लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.