चामखिळीचें औषध आणि एकत्र कुटुंब

यवतमाळकडील जुन्या घरांत चामखिळीस बिब्बा लावीत. परीट कपड्यांवर खुणा करी तो याच बिब्ब्याच्या रसानें. त्यानें कित्येकांची कातडी पोळून फोड उठत. आज त्या जागीं डॉक्टरांनीं लिहून दिलेली सॅलिसिलिक आम्लाची बाटली आली, तरी सावधगिरी तितकीच हवी. हें औषध कातडीचा कठीण थर विरघळवितें. चामखीळ कोणती आणि निरोगी कातडी कोणती, हें त्यास कळत नाहीं.

म्हणून तो भाग ५ मिनिटें कोमट पाण्यांत भिजवून कोरडा करावा, भोंवतीं व्हॅसलीन लावावें आणि औषध केवळ चामखिळीवर टेकवावें. बाटली चुलीजवळ उघडूं नये. अशीं पुष्कळ औषधें ज्वालाग्राही असतात. गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात. उतावळेपणानें मात्रा वाढवूं नये. चेहरा, तीळ व गुह्यांग यांवर तें वर्ज्य. फार आग झाल्यास थांबून डॉक्टरांस विचारावें.

एकत्र कुटुंबांतील धोका निराळाच. नातवाची बाटली आजोबांच्या तळपायास लागते. आजोबांस मधुमेह असल्यास ती जखम चिघळून पायावर बेतूं शकते. दुसरें एक औषध, पोडोफायलोटॉक्सिन, तर गर्भिणीस वर्ज्यच आहे. शिवाय चामखीळ विषाणूमुळें होते, म्हणून पंचाही वेगळा ठेवावा. यवतमाळ येथें १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजघरांतील बाटली मागण्यापेक्षां तेथवर जाणें बरें. घरांत चूल एक असावी. औषध मात्र ज्याचें त्याचेंच.