फुकट ते पौष्टिक?

'फुकट ते पौष्टिक' हा आपल्या होस्टेलचा मूलमंत्र. पण गेल्या हिवाळ्यात याच मंत्रापायी मी गोत्यात येणार होतो. गुलमर्गला स्कीइंगला जायचं ठरलं आणि युरोपात नोकरी करून परतलेल्या एका सिनियरने माळ्यावरची स्कीची जोडी काढून दिली. वीसेक वर्षं जुनी, पण चकाचक. "घेऊन टाक रे!" प्रश्न एकच होता: तिच्यावरची बाईंडिंग वापरायची का?

बाईंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा सांधा. साध्या स्कीवर टाच कायम घट्ट असते. पण जिथे लिफ्ट नाही तिथे स्कीच्या तळाला 'स्किन' चिकटवून चढावं लागतं. म्हणून या बाईंडिंगमध्ये चढताना टाच मोकळी राहते आणि उतरताना अडकवता येते. यात मुख्य जाती दोन. एकीत बुटासकट आख्खी फ्रेम उचलली जाते. दुसरी 'पिन' जातीची, ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने 1980च्या दशकात काढलेली. तिच्यात बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पिना शिरतात. वजन कितीतरी कमी.

धरून ठेवण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे वेळेवर सोडणं! पडताना लांब स्की तरफेसारखी पाय पिळते. ठराविक टॉर्कला बूट सुटला नाही तर नडगीचं हाड मोडतं; भलत्या वेळी सुटला तर उतारावर आपणच गडगडतो. हा आकडा म्हणजे 'झेड व्हॅल्यू'. झेड 5 म्हणजे पिळताना साधारण 50 न्यूटन-मीटर. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि आपलं कौशल्य यांवरून तो ठरतो. (गुडघ्याची हमी मात्र नवी बाईंडिंगही देत नाही.)

आता जुन्या मालाची परीक्षा. मी तीन प्रश्न विचारले.

एक, बूट बसतो का? आल्पाइन बुटाचा तळ आयएसओ 5355 प्रमाणे, टूरिंगचा 9523 प्रमाणे आणि नव्या 'ग्रिपवॉक'चा 23223 प्रमाणे. जुनी बाईंडिंग नव्या तळाला ओळखत नाही. पिन जातीला तर बुटात धातूच्या खाचाच लागतात.

दोन, प्लास्टिक कसं आहे? सगळे स्प्रिंगकडे बघतात, पण ऊन आणि वय यांनी प्लास्टिक ठिसूळ होतं आणि थंडीत ते आणखी कडक होतं. स्क्रूभोवती बारीक तडे आहेत का, सांध्यात खेळ आलाय का, हे बघायचं.

तीन, मोजून घेतलंय का? ग्रीस वाळलं की घर्षण वाढतं आणि पट्टीवर 5 दिसत असलं तरी प्रत्यक्ष बूट सुटायला जास्त टॉर्क लागतो. म्हणून दुकानातल्या मशीनवर प्रत्यक्ष टॉर्क मोजतात. कंपनीने पाठिंबा काढून घेतलेल्या मॉडेलला मात्र बरीच दुकानं हातच लावत नाहीत.

तिन्ही उत्तरं 'हो' आली तर जुनी बाईंडिंग खुशाल वापरा. माझ्या जोडीत टाचेच्या स्क्रूपाशी केसाएवढा तडा निघाला. विषय संपला. गुलमर्गला गोंडोलाचा दुसरा टप्पा जवळपास 4,000 मीटरवर नेऊन सोडतो. आखलेला उतार सोडून तिथे बाईंडिंग तुटली तर कमरेएवढ्या बर्फातून चालत यावं लागतं.

मी सेट भाड्याने घेतला. दोनदा सपशेल आपटलो, दोन्ही वेळा बूट सुटला, पाय शाबूत. सिनियरची जोडी आता माझ्या रूमच्या भिंतीवर आहे. मोजे वाळत घालायला झकास!