बंद हृद्रोहिणी केव्हा उघडावी?

हृद्रोहिणीत रक्ताची गुठळी होऊन हृत्स्नायूचा रक्तपुरवठा खंडित झाला म्हणजे हृदयविकाराचा तीव्र झटका येतो. अशी बंद पडलेली रोहिणी उघडली पाहिजे, हे विधान प्रथमदर्शनी स्वयंसिद्ध वाटते. तथापि ती केव्हा उघडली असता रुग्णास लाभ होतो, याचे उत्तर केवळ तर्काने मिळणारे नाही.

रायमर, जेनिंग्ज व त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोहिणी ४० मिनिटे बांधून मग मोकळी केली असता हृद्‌भित्तीच्या जाडीचा सुमारे ३८ टक्के भाग मृत झाल्याचे आढळले. ३ तासांनंतर हे प्रमाण ५७, ६ तासांनंतर ७१ व २४ तासांनंतर ८५ टक्के झाले. स्नायूचा नाश एकाच क्षणी होत नाही. तो आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेप्रमाणे सरकतो, हा या प्रयोगांचा मथितार्थ होय.

मानवी रुग्णांतही हेच तत्त्व प्रत्ययास आले. इटलीत सुमारे १२,००० रुग्णांवर झालेल्या व १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गिसी’ चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळविणाऱ्या औषधाने २१ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. सहा तासांनंतर मात्र उल्लेखनीय लाभ दिसला नाही. ग्रुंटझिग यांनी १९७७ साली झुरिक येथे फुग्याने हृद्रोहिणी रुंदावण्याची क्रिया प्रथम केली. पुढे तीव्र झटक्यातही तिचा उपयोग होऊ लागला, व वेळेवर केल्यास ती औषधाहून सरस ठरते. निदानापासून १२० मिनिटांत ती होणे शक्य नसेल, तर योग्य रुग्णास औषध आधी द्यावे, असा आजचा संकेत आहे.

मग उशिरा आलेल्या रुग्णाचे काय? स्नायू मृत झाला तरी रोहिणी उघडल्यास हृदयाचा आकार बिघडणार नाही व आयुष्य वाढेल, अशी कल्पना दीर्घकाळ प्रचलित होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओट’ चाचणीत ती पारखली गेली. झटक्यानंतर ३ ते २८ दिवसांनी रोहिणी पूर्ण बंद असलेले २,१६६ स्थिर रुग्ण तीत होते. मृत्यू, पुन्हा झटका अथवा तीव्र हृदयनिष्फलता यांपैकी काही घडण्याचे चार वर्षांतील प्रमाण रोहिणी उघडलेल्यांत १७.२, तर केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत १५.६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. परंतु अपेक्षित लाभ झाला नाही, हे निर्विवाद. मृत स्नायूस रक्त पोहोचवून तो सजीव होत नाही, हे याचे एक उघड कारण.

अर्थात हा निष्कर्ष सर्वांस सरसकट लागू करता येत नाही. वेदना चालू असलेला, रक्तदाब कोसळलेला अथवा स्नायूच्या रक्तन्यूनतेची लक्षणे पुन्हा दिसणारा रुग्ण या चाचणीच्या कक्षेबाहेरचा होता. त्याच्या बाबतीत केवळ घड्याळाकडे पाहून शस्त्रक्रिया नाकारणे अनुचित होईल. सारांश, उपचाराचे लक्ष्य रोहिणी नसून तिच्यावर जगणारा स्नायू होय. तो जिवंत आहे तोवर एक मिनिटही दवडू नये. तो मृत झाल्यावर, रुग्ण स्थिर व लक्षणरहित असता, केवळ चित्रात रोहिणी बंद दिसते म्हणून ती उघडू नये.