शौचाचा रंग आणि आपली भीड

आजाऱ्यांना भेटी देताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. गुडघेदुखीविषयी वडीलधारी माणसे तासभर बोलतात; परंतु शौचाचा विषय निघाला की मान खाली घालतात. डॉक्टरांपुढेही हीच भीड आड येते आणि कधी कधी तिची फार मोठी किंमत मोजावी लागते.

मलाला तपकिरी रंग येतो तो पित्तामुळे. यकृतात तयार झालेले पित्त आतड्यात उतरते व तेथील जिवाणू त्यातील रंगद्रव्याचे रूपांतर घडवून आणतात. जुलाबात अन्न घाईने पुढे सरकते, म्हणून रंग हिरवट राहतो. बीट खाल्ल्यावर तो लालसर होतो. यात घाबरण्यासारखे काही नाही.

काळा रंग मात्र नीट पारखावा. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतोच. पण डांबरासारखा काळाकुट्ट, चिकट आणि उग्र दुर्गंधीचा मल ही जठरातील रक्तस्रावाची खूण असू शकते. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. असा मल दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठावे. लाल रक्त दिसले की 'मूळव्याधच असेल' असे घरीच ठरवून टाकणे हेही तितकेच घातक. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते.

शाडूच्या मातीसारखा पांढरट मल पित्ताची वाट अडल्याचे सुचवितो. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकून असेल आणि शी पांढुरकी होत असेल, तर कोवळ्या उन्हावर विसंबू नये. जन्मतः पित्तनलिका बंद असल्यास करावयाची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली, तर यशाची शक्यता अधिक असते.

रोज सकाळी कोठा साफ झालाच पाहिजे, हा आपला आग्रह मात्र थोडा सैल करण्यास हरकत नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, ही मर्यादा वैद्यकशास्त्र स्वाभाविक मानते. त्याहून कमी होत असेल वा कुंथावे लागत असेल, तर पाणी, पालेभाज्या, चालणे आणि भरपूर पाण्यासोबत इसबगोल हे उपाय करून पाहावेत. लोहाच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही मलावरोध होतो. परंतु पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली किंवा वजन घटू लागले, तर रेचके घेत बसू नये. तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना मलाचा रंग, किती दिवसांपासूनचा त्रास आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या कागदावर लिहून न्याव्यात. तोंडाने सांगवत नसेल, तर तो कागदच पुढे करावा.