दिवसाचा फिडर

रब्बीत रात्री शेतीचा फिडर, म्हणजे शेतीपंपांची वीजवाहिनी, चालू केला की उपकेंद्रातल्या अँपिअर मीटरचा काटा क्षणात वर चढायचा. बहुतेकांनी पंपाला ऑटो स्विच लावलेले. वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदमच सुरू. भार झेपला नाही तर फिडर ट्रिप व्हायचा, नाहीतर कुठल्यातरी मळ्यातली डीपी, म्हणजे रोहित्र, जळायची. दुसरं रोहित्र बसेपर्यंत गहू आणि कांदा पाण्यावाचून उभा.

मी ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक होतो. देशाची अर्थव्यवस्था हरित करायची म्हणजे काय करायचं, असं कुणी विचारलं तर मी आधी शेतीच्या फिडरकडे बोट दाखवतो. देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी साधारण सहावा हिस्सा शेतीत जातो. महाराष्ट्रात शेतीपंपाचे ग्राहक चाळीस लाखांच्या वर आहेत.

दिवसा शहरं आणि कारखाने वीज ओढतात, म्हणून शेतीला ती पाळीपाळीनं मिळत आली: आठवड्यातले काही दिवस दिवसा, बाकीचे रात्री. डिसेंबरच्या थंडीत, हातात बॅटरी घेऊन, चिखलात दारे धरायची. पायाखाली साप आला तरी दिसत नाही. जुन्नर-संगमनेरकडे उसात बिबट्या बसलेला असतो. शेत एकट्या बाईच्या अंगावर असेल तर रात्रीच्या पाळीला तिला मजुरी देऊन माणूस लावावा लागतो. हा खर्च कुठल्याच सरकारी हिशेबात धरलेला मी पाहिला नाही. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी या सगळ्यातून आली. तिचा हवामानबदलाशी काही संबंध नव्हता.

आणि तरी त्या मागणीतच हवामानाच्या प्रश्नाचं एक उत्तर दडलेलं होतं. सौर विजेची मोठी अडचण अशी की ती सूर्य असेपर्यंतच मिळते. भारताने २०२१ साली ग्लासगोला २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं. २०२५ साली देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू अशी खनिज इंधनं सोडून इतर स्रोतांचा झाला. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतला मोठा भाग अजून कोळशाचाच आहे, कारण संध्याकाळी दिवे, पंखे लागतात तेव्हा सूर्य नसतो. वीज साठवायची तर बॅटऱ्या महाग. शेतीपंपाचं तसं नाही. पंप दुपारी बारा वाजता चालला काय आणि रात्री बारा वाजता चालला काय, पिकाला पाणी मिळाल्याशी मतलब. पावसाळ्यात ढग असतात तेव्हा पंपही कमी चालतात. रब्बीत आभाळ मोकळं असतं तेव्हाच पाण्याची गरज जास्त. उन्हाच्या वेळेवर सरकवता येईल असा एवढा मोठा भार दुसरा क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली ती या विचारावर. २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला, केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेशी जोडलेला. लक्ष्य सुमारे १६,००० मेगावॅटचं. या टप्प्यातला पहिला प्रकल्प, तीन मेगावॅटचा, २०२४ साली वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावी सुरू झाला. रचना साधी आहे. उपकेंद्राच्या जवळच्या जमिनीवर पॅनल लावायचे, वीज थेट उपकेंद्रात घ्यायची आणि तिथूनच शेतीच्या फिडरवर सोडायची. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली वीज मराठवाड्यातल्या मळ्यात येईपर्यंत किती उच्चदाब तारा आणि किती रोहित्रं ओलांडते, आणि प्रत्येक ठिकाणी थोडी गळते. ती गळती इथे वाचते. शिवाय ही वीज युनिटला साधारण तीन रुपयांत पडते. शेतीच्या स्वस्त विजेचा खर्च आजवर काही अंशी कारखाने आणि दुकानांच्या बिलातून भागवला जात होता. तो बोजा हलका झाला तर उद्योगालाही हातभार लागेल.

जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. खडकाळ माळाला एवढा भाव कुणी दिला नसता. मात्र पॅनल गायरानावर उभे राहतात तिथे शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्याला काहीच मिळत नाही, उलट त्याचा चारा जातो. त्याला भरपाई मिळायलाच हवी.

खरी चिंता पाण्याची आहे. रात्रीची वीज छळवादी होती, पण तिच्यामुळे उपसा थोडाफार आवरला जायचा. ऑटो स्विच असला तरी दारे धरायला माणूस लागायचा, आणि झोप आली की तो मोटार बंद करायचा. आता वीज दिवसाची, आणि एप्रिल २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिलही नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळावर बसलेला आहे. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या मुरमात, तेही पावसाळ्यात मुरेल तेवढंच. विहीर आटली की बोअर, बोअर आटलं की आणखी खोल बोअर. अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला २००९च्या भूजल कायद्याने मनाई आहे, पण बोअरची गाडी रात्रीत येते आणि सकाळी निघून जाते. सूर्यावर चालणारा पंप कोळसा वाचवेल. पाणी वाचवायला त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि एक कोरडं वर्ष आलं की हरित म्हणून मिरवलेलं गाव टँकरच्या रांगेत उभं राहील.

हे टाळता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पर्जन्यछायेतलं गाव. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, मुरला किती, प्यायला किती ठेवायचं, आणि उरलेल्यात कोणतं पीक बसतं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा त्यांचा ठराव आहे, आणि ऊस तिथे लावत नाहीत. हवामान बेभरवशाचं झालं की तग धरते ती अशी गावं.

तुमच्या गावच्या उपकेंद्राशेजारी पॅनल बसत असतील तर आनंदाने जमीन द्या, दिवसाची वीज घ्या. पण पावसाळा संपताच ग्रामसभेत गावच्या किंवा जवळच्या निरीक्षण विहिरीची पातळी मागा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ती वर्षातून चारदा मोजते. ती फळ्यावर लिहा आणि रब्बीत कुणी काय पेरायचं ते त्या आकड्यासमोर बसून ठरवा.