गाडी कोणाची नाही, तिकीट कोणाचं ते बघा! शहर बस बदलली, पण आपली सवलत कुठं गेली?

नाशिक : मागच्या आठवड्यात फाट्यावर एक वाद बघितला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीबाई बसमध्ये चढल्या आणि कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं. कंडक्टर म्हणाला, "आजी, ही एसटी नाही. तिकीट काढावं लागेल." आजी म्हणाल्या, "काल तर फुकट आले, आज काय झालं?" चूक दोघांचीही नव्हती. काल आजी एसटीत बसल्या होत्या, आज शहर बसमध्ये. रस्ता तोच, फाटा तोच, पण कारभार वेगळा. हा घोळ रोज कुठं ना कुठं होतो, म्हणून जरा नीट समजून घेऊ.

आधी काय होतं?

नाशिक शहरातली बससेवा वर्षानुवर्षं एसटी महामंडळच चालवत होतं. ही सेवा तोट्यात गेली, तशा एसटीने शहरातल्या फेऱ्या कमी केल्या. शेवटी महापालिकेने स्वतःचं परिवहन महामंडळ काढलं आणि ८ जुलै २०२१ ला 'सिटीलिंक' सुरू झाली. सीएनजी आणि डिझेलच्या या गाड्या शहराबाहेरही येतात. त्र्यंबक, सिन्नर, दिंडोरी, ओझर या बाजूंना त्या आपल्याला दिसतात. त्याच रस्त्यांवर एसटीही चालते, म्हणून गोंधळ होतो.

गाडी एकाची, तिकीट दुसऱ्याचं

आता बस चालवण्याची पद्धत बदलली आहे. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हरही त्याचाच. महापालिका त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते. बस रिकामी धावली तरी किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. तिकिटाचे पैसे मात्र महापालिकेच्या महामंडळाकडे जमा होतात. मार्ग आणि वेळही तेच ठरवतं. सिटीलिंकमध्ये कंडक्टर पुरवायला आणखी वेगळा ठेका आहे.

आपल्याकडं ट्रॅक्टर भाड्याने लावतो तसंच हे. ट्रॅक्टर आणि ड्रायव्हर मालकाचा, पण कुठलं रान नांगरायचं ते आपण सांगतो. पीक चांगलं येवो न येवो, भाडं द्यावंच लागतं.

यात फायदा असा, की महापालिकेला गाड्या विकत घ्याव्या लागत नाहीत. तोटा असा, की साखळी लांबते. कंडक्टरांचे पगार थकले की काम बंद होतं आणि आपण फाट्यावर ताटकळत राहतो. नाशिकने हे एकदा नाही, अनेकदा बघितलं आहे.

सवलत कुठं चालते?

सगळ्यात महत्त्वाचं हेच. ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मिळतो. महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून लागू झालं. या दोन्ही सवलती एसटीच्या आहेत. त्याची भरपाई सरकार एसटीला देतं. महापालिकेच्या बसला त्या आपोआप लागू होत नाहीत. तिथं महापालिकेने ठरवलेल्या सवलतीच चालतात. शाळकरी मुलींच्या एसटीच्या मोफत पासचंही तेच. तो दाखवून शहर बसमध्ये बसता येत नाही.

उलटं उदाहरण बघा. एसटीची इलेक्ट्रिक 'शिवाई' १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. आता एसटीच्या ताफ्यात भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्याही आल्यात. गाडी ठेकेदाराची असली तरी तिकीट एसटीचं, म्हणून तिथं महिलांना अर्धं तिकीट मिळतं. म्हणजे गाडीचा रंग, मालक बघू नका. तिकीट कोणाचं, ते बघा.

पाट्या-क्रेटवाल्यांचं काय?

लाल परीच्या टपावर कॅरिअर असायचं. भाजीची पाटी, कोंबड्यांची डालगी, सगळं वर जायचं. शहर बसला तसा टप नाही. चढायला पायरी बुटकी, म्हाताऱ्या माणसांना बरी, पण मालाला जागा कमी. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर केली. त्यातून १० हजार इलेक्ट्रिक बस देशभरातल्या शहरांना मिळायच्या आहेत. त्याही शहरी प्रवाशासाठी बनलेल्या. चार क्रेट घेऊन मार्केटला जायचं असेल तर आधीच विचार करून निघा.

आपण काय करायचं?

१. चढण्याआधी विचारा : "एसटी की शहर बस?" घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आवर्जून सांगा.

२. तिकीट फेकू नका. तक्रार करताना तारीख, वेळ, मार्ग आणि गाडी नंबर लागतो. बस थांबली नाही तर ठेकेदाराशी भांडून उपयोग नाही. ज्याच्या नावाचं तिकीट, त्याच्याकडं तक्रार द्या.

३. कॉलेजच्या पोरांनी पास काढण्याआधी आपल्या वेळेला कुठली बस येते ते बघावं. पास एकीचा आणि गाडी दुसरीची, असं झालं तर पैसे वाया.

४. फेरी हवी असेल तर ग्रामसभेत ठराव करा. एसटीसाठी तो आगार व्यवस्थापकाला द्या, शहर बससाठी महापालिकेच्या परिवहन महामंडळाला. पोच घ्यायला विसरू नका.

शहर बस गावापर्यंत आली ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती आली म्हणून एसटीची फेरी बंद झाली, तर आजीबाईंचा फुकट प्रवास आणि मायबहिणींचं अर्धं तिकीटही त्या फेरीबरोबरच जातं. म्हणून नव्या बसचं स्वागत करताना जुन्या फेरीचं वेळापत्रकही डोळ्यासमोर ठेवा.