लेसर सेलंडाइन कशी ओळखावी?

लेसर सेलंडाइन ही मूळची युरोपातली वनस्पती. शोभेसाठी अमेरिकेत नेलेली ही वनस्पती पूर्वेकडच्या राज्यांत बागांबाहेर पडून नदीकाठच्या जंगलांत दाट पसरली. वसंताच्या सुरुवातीला तिला चकचकीत पिवळी फुले येतात. पाकळ्या बहुधा ८ असतात आणि त्यांखाली ३ हिरवी निदले. पाने गुळगुळीत, हृदयाकृती. तिथल्या मार्श मॅरिगोल्ड या देशी वनस्पतीशी तिची हमखास गल्लत होते आणि सेलंडाइन काढून टाकताना दुर्दैवाने ही देशी रोपेच उपटली जातात. मॅरिगोल्डच्या फुलाखाली हिरवी निदले नसतात. त्याहून पक्की खूण मातीत सापडते: सेलंडाइनच्या मुळांशी छोट्या बोटांसारखे कंद असतात, मॅरिगोल्डला नसतात. उपटताना हे कंद मागे राहू देऊ नयेत. त्यांतून ती पुन्हा उगवते.